पल्सारयुक्त तारायुग्मांचे दीर्घकालीन क्ष-किरण निरीक्षण

परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी एक तारा पल्सार (स्वतःभोवती फिरणारा व नियमित कालांतराने प्रारणाचे स्पंद पाठविणारा न्यूट्रॉन तारा) असेल, तर अशा युग्माकडून येणाऱ्या क्ष-किरणांची तीव्रता, स्पंदांचा आवर्तकाल व वर्णपट यांची अनेक वर्षे सलगपणे नोंद ठेवण्याच्या पद्धतीस दीर्घकालीन क्ष-किरण निरीक्षण म्हणतात. या युग्मांतील बदल सेकंदाच्या हजाराव्या भागापासून कित्येक दशकांपर्यंतच्या निरनिराळ्या कालावधींत घडून येतात. एखाद्या दिवसाच्या वेधावरून पल्सार त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे एवढेच समजते. ती अवस्था टिकाऊ आहे की तात्पुरती, हे नोंद पुरेशी लांब व अखंड असेल तरच ठरविता येते. अपुऱ्या कालावधीच्या नोंदींवरून काढलेली काही महत्त्वाची अनुमाने पुढे बदलावी लागली आहेत. म्हणून ज्योतिषशास्त्राच्या या शाखेत सलग निरीक्षणास विशेष महत्त्व आहे.

स्वरूप : मोठ्या द्रव्यमानाच्या ताऱ्याचा अतिदीप्त नवतारा म्हणून स्फोट झाल्यावर त्याचा गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा तयार होतो. त्याचे द्रव्यमान सामान्यतः सूर्याच्या सु. १.४ पट, पण त्रिज्या अवघी १० ते १२ किमी. असते. या अतिशय घन पिंडाचे गुरुत्वाकर्षण प्रचंड असल्याने त्याच्यावर पडणाऱ्या वायूचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याजवळ पोहोचतो व पृष्ठभागावर आदळताना त्या वायूच्या द्रव्यमानाशी तुल्य असलेल्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून अधिक ऊर्जा प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते. हायड्रोजनापासून हीलियम बनण्याच्या अणुकेंद्रीय विक्रियेत हेच प्रमाण सु. ०.७ टक्के असते, हे लक्षात घेतले म्हणजे या युग्मांच्या तेजस्वितेची कल्पना येते. आदळणारा वायू कोट्यवधी अंश तापमानापर्यंत तापत असल्यामुळे हे प्रारण मुख्यत्वे क्ष-किरणांचे असते.

न्यूट्रॉन ताऱ्याला हा वायू त्याच्या सोबती ताऱ्याकडून मिळतो. सोबती तारा फुगून मोठा झाला म्हणजे त्याच्या बाहेरील थरांतील वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे वाहू लागतो किंवा सोबत्याकडून वाहणाऱ्या तारकीय वाऱ्याचा काही अंश न्यूट्रॉन तारा ओढून घेतो. या क्रियेला संचयन म्हणतात. वायूला कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीशी निगडित असलेली राशी) असल्याने तो सरळ खाली न पडता पुष्कळदा न्यूट्रॉन ताऱ्याभोवती चकतीच्या आकारात फिरत राहतो व हळूहळू आत सरकतो. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र तीव्र, म्हणजे एक लाख कोटी गौसच्या आसपास असेल, तर ताऱ्यापासून काही हजार किमी. अंतरावर चकती खंडित होते व तेथून पुढे वायू चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने ध्रुवांवर उतरतो. ध्रुवांवरील तप्त ठिकाणांपासून निघणारे क्ष-किरण ताऱ्याच्या परिवलनामुळे (स्वतःभोवती फिरण्यामुळे) दीपगृहाच्या फिरत्या झोताप्रमाणे ठराविक कालांतराने पृथ्वीकडे येतात व ते स्पंदांच्या रूपात नोंदले जातात.

सोबत्याच्या द्रव्यमानानुसार या युग्मांचे दोन मुख्य गट पाडतात. पहिल्या गटात सोबती सूर्याच्या कित्येक पट द्रव्यमानाचा, तप्त व तरुण असतो. यात अतिविशाल ताऱ्यांची युग्मे व बीई ताऱ्यांची युग्मे असे दोन उपगट आहेत. बीई तारे म्हणजे वर्णपटात उत्सर्जन रेषा दाखविणारे, अतिशय वेगाने फिरणारे व स्वतःभोवती वायूची चकती बाळगणारे बी वर्गाचे तारे होत. दुसऱ्या गटातील सोबती सूर्याएवढ्या किंवा त्याहून कमी द्रव्यमानाचा असतो. या गटातील युग्मे सामान्यतः जुनी असतात व त्यांत काही अतिशीघ्र पल्सार आढळतात.

इतिहास : पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना अपारदर्शक असल्याने त्यांचे वेध रॉकेटे, उच्च वातावरणात सोडलेले फुगे व कृत्रिम उपग्रह यांच्या साहाय्यानेच घेता येतात. १८ जून १९६२ रोजी रीकार्दो जाकोनी व त्यांचे सहकारी यांनी रॉकेटाद्वारे घेतलेल्या वेधात वृश्चिक राशीतील स्कॉर्पियस एक्स-१ हा सौरकुलाबाहेरील पहिला क्ष-किरण उद्‌गम आढळला. हा उद्‌गम म्हणजे सोबत्याकडून वायू ओढणारा न्यूट्रॉन तारा असावा, अशी कल्पना रशियन ज्योतिषशास्त्रज्ञ य. श्क्लोव्हस्की यांनी १९६७ मध्ये मांडली. त्याच वर्षी जॉसेलिन बेल व अँटनी ह्यूइश यांना केंब्रिज येथे पहिला रेडिओ पल्सार सापडला. जाकोनी यांना क्ष-किरण ज्योतिषशास्त्रातील कार्याबद्दल २००२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

केन्याच्या किनाऱ्याजवळील सान मार्को या सागरी तळावरून १२ डिसेंबर १९७० रोजी सोडलेला उहुरू हा केवळ क्ष-किरण ज्योतिषशास्त्रासाठी असलेला पहिला उपग्रह होय. तो दिवस केन्याचा स्वातंत्र्यदिन असल्याने त्याला स्वाहिली भाषेतील ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचे नाव देण्यात आले. या उपग्रहाच्या वेधांवरून नरतुरंग समूहातील सेंटॉरस एक्स-३ हा उद्‌गम दर ४.८ सेकंदांनी स्पंद पाठवितो, असे १९७१ मध्ये आढळले. त्याचे क्ष-किरण दर २.०९ दिवसांनी सु. अर्धा दिवस दिसेनासे होतात आणि स्पंदांचा आवर्तकालही तेवढ्याच मुदतीने किंचित कमीजास्त होतो, असे पुढील वर्षी दिसून आले. पल्सार एका मोठ्या ताऱ्याभोवती फिरत असून त्या ताऱ्यामुळे त्याला ग्रहण लागते, हे त्यामुळे सिद्ध झाले. शौरी समूहातील हर्क्युलिस एक्स-१ (स्पंदकाल १.२४ सेकंद, कक्षीय आवर्तकाल १.७ दिवस) हे युग्मही याच सुमारास सापडले. उहुरूच्या वेधांवरून तयार झालेल्या चौथ्या सूचीत ३३९ उद्‌गम असून ‘४ यू’ या अक्षरांनी सुरू होणारी नावे या सूचीवरून पडली आहेत.

साधने : दीर्घकालीन निरीक्षणासाठी दोन प्रकारची उपकरणे लागतात. पहिल्या प्रकारची उपकरणे मोठ्या ग्रहणक्षेत्राची असून ती एका उद्‌गमाकडे रोखून काही तास सूक्ष्म वेध घेतात. दुसऱ्या प्रकारची उपकरणे सर्व आकाशावर सतत लक्ष ठेवतात. त्यांची संवेदनक्षमता कमी असली, तरी प्रत्येक तेजस्वी उद्‌गमाची नोंद ती जवळजवळ रोज करू शकतात व अनपेक्षित घटना प्रथम त्यांनाच आढळतात.

सर्व आकाश निरीक्षकांमध्ये ब्रिटिश एरियल-५ (१९७४–८०) व जपानी गिंगा (१९८७–९१) या उपग्रहांवरील उपकरणे आरंभीची होत. अमेरिकेच्या कॉम्पटन गॅमा-किरण वेधशाळेवरील (१९९१–२०००) बॅट्से या उपकरणाचे आठ शोधक उपग्रहाच्या आठ कोपऱ्यांवर बसविलेले होते. एखाद्या पल्सारचा आवर्तकाल साधारणपणे माहीत असला म्हणजे दिवसभराच्या नोंदी त्या आवर्तकालानुसार एकमेकींवर रचून त्याचे क्षीण स्पंदही वेगळे काढता येत. त्यामुळे अनेक पल्सारांच्या परिवलनाचा रोजचा हिशेब प्रथमच उपलब्ध झाला. १९९५ च्या अखेरीस सोडलेला रॉसी एक्स-रे टायमिंग एक्सप्लोरर हा उपग्रह जानेवारी २०१२ पर्यंत कार्यरत होता. त्याच्यावरील निरीक्षक सु. ९० मिनिटांच्या प्रत्येक प्रदक्षिणेत सु. ८० टक्के आकाश पाहत असे. त्यातील शोधकांपुढे ठराविक रचनेत फटी असलेला पडदा होता. या पडद्याच्या सावलीवरून क्ष-किरणांची दिशा काढण्यात येई. २००४ मध्ये सोडलेला स्विफ्ट, २००८ मध्ये सोडलेला फेर्मी आणि २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसविलेला जपानी मॅक्सी यांनी ही परंपरा पुढे चालविली.

आवर्तकालमापन : युग्मातील पल्सार हे एक प्रकारचे घड्याळच असते. तो कक्षेत पृथ्वीपासून दूरच्या बाजूस असताना त्याचे स्पंद उशिरा व जवळच्या बाजूस असताना लवकर येतात. सेंटॉरस एक्स-३ च्या बाबतीत हा फरक सरासरीच्या मागेपुढे सु. ४० सेकंद आहे. प्रकाश ४० सेकंदांत सु. १ कोटी २० लक्ष किमी. अंतर कापतो, म्हणून दृष्टिरेषेच्या दिशेने पल्सारच्या कक्षेची त्रिज्या तेवढी आहे, असे ठरते. सोबती ताऱ्याच्या वर्णपटरेषांच्या डॉप्लर परिणामावरून (उद्‌गमाच्या गतीमुळे तरंगलांबीत होणाऱ्या बदलावरून) त्याचा वेगही मोजता आला, तर दोन्ही ताऱ्यांची द्रव्यमाने काढता येतात. व्हेला एक्स-१ या ८.९६ दिवस कक्षीय आवर्तकालाच्या युग्मातील पल्सारचे द्रव्यमान सूर्याच्या १.४ पटीहून स्पष्टपणे जास्त आहे, हे याच रीतीने दिसून आले. न्यूट्रॉन ताऱ्यातील द्रव्याच्या गुणधर्मांविषयीचे सिद्धांत तपासण्यासाठी अशा मापनांचा उपयोग होतो.

परिवलनातील बदल : संचयन चकतीचा आतील काठ पल्सारपेक्षा अधिक वेगाने फिरत असेल, तर पडणारा वायू पल्सारला कोनीय संवेग देतो व पल्सारचा वेग वाढतो. वायूचा ओघ कमी झाला म्हणजे चुंबकीय क्षेत्र चकतीला अधिक दूर रोखून धरते. तेथे चकतीची गती मंद असल्याने उलट पल्सारवर गतिरोधक परिबल (फिरविणाऱ्या प्रेरणेचे माप) कार्य करते. परिवलनातील बदलांवरून वायूचा ओघ व चुंबकीय क्षेत्र यांच्यातील परस्परक्रिया समजू शकते, ती या कारणामुळे.

१९७० नंतरच्या दशकात पुष्कळ पल्सारांचे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच वेध घेता येत. त्या विरळ बिंदूंवरून सेंटॉरस एक्स-३ चा वेग हळूहळू व जवळजवळ सारखा वाढत आहे, असे दिसे आणि हा वेग समतोल अवस्थेजवळ असल्याने वाढ मंद आहे, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येई. बॅट्सेच्या रोजच्या नोंदींवरून निराळेच चित्र पुढे आले. हा पल्सार दहा ते शंभर दिवस वेगाने गतिमान होतो, मग काही दिवसांतच दिशा बदलून तितक्याच जोमाने मंदावू लागतो व पुन्हा गतिमान होतो. आरंभीची मंद वाढ म्हणजे परस्परविरोधी अशा या मोठ्या बदलांची शिल्लक होती. प्रत्यक्ष परिबल सरासरीवरून काढलेल्या मूल्याच्या कित्येक पट होते. म्हणजे पूर्वीचे वेध अचूक असूनही केवळ त्यांमधील अंतर मोठे असल्याने त्यांवरून काढलेले अनुमान चुकले होते. याउलट व्हेला एक्स-१ सारख्या, वाऱ्यावर पोसल्या जाणाऱ्या पल्सारांत (स्पंदकाल सु. २८३ सेकंद) बदलांना निश्चित दिशा नसते, ते स्वैर पद्धतीने होत राहतात.

भुजंगधारी समूहातील जीएक्स १+४ या उद्‌गमाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. याचा सोबती तांबडा राक्षसी तारा असून फुग्यावरील उपकरणाने १९७० मध्ये त्याचे स्पंद प्रथम आढळले, त्या वेळी आवर्तकाल सु. १३५ सेकंद होता. पुढील दहा वर्षांत तो दर वर्षी सु. २ टक्के या असामान्य गतीने कमी होत ११० सेकंदांच्या आसपास आला. त्यानंतर हा उद्‌गम इतका मंद झाला की, १९८३ व १९८४ मध्ये यूरोपीय एक्झोसॅट उपग्रहाला तो दिसला नाही. १९८७ मध्ये गिंगा उपग्रहाने तो पुन्हा शोधला, तेव्हा त्याचा वेग वाढण्याऐवजी कमी होत असल्याचे आढळले. तेव्हापासून त्याची प्रवृत्ती मुख्यतः मंदावण्याचीच असून आवर्तकाल १८० सेकंदांच्या पलीकडे गेला आहे. दिशाबदलाचा नेमका काळ निरीक्षणाच्या खंडात हरवला आहे. त्या वेळी वायूच्या ओघात काय घडले, हे आता कोणत्याही मार्गाने कळू शकणार नाही.

४ यू १६२६–६७ या युग्मात अत्यल्प द्रव्यमानाचा सोबती पल्सारभोवती अवघ्या ४२ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. ७.७ सेकंदांचे त्याचे स्पंद १९७७ मध्ये आढळले. त्यानंतर सु. १९९० पर्यंत त्याचा वेग सतत वाढत होता, म्हणून तो स्थिर वाढीचा नमुना मानला जाई. १९९१ मध्ये बॅट्सेचे काम सुरू झाले तेव्हा तो जवळजवळ त्याच गतीने मंदावत असल्याचे दिसले. येथेही पहिला दिशाबदल दोन उपग्रहांच्या कार्यकालांमधील खंडात घडून गेला होता. २००८ मध्ये त्याची दिशा पुन्हा उलटली. या वेळी स्विफ्ट या उपग्रहावरील उपकरण कार्यरत असल्यामुळे हा बदल सु. १५० दिवसांत पूर्ण झाला व त्याबरोबर क्ष-किरणांची तीव्रताही वाढली, हे प्रत्यक्ष नोंदता आले. २०२३ मध्ये तिसरा दिशाबदल होऊन पल्सार परत मंदावू लागला. पंधरा-अठरा वर्षे एकाच दिशेने चालणारी ही क्रिया अचानक का उलटते, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही.

कक्षेतील बदल : कक्षीय आवर्तकालातील बदल अतिशय सूक्ष्म असतो, परंतु त्याचा परिणाम काळाच्या वर्गाच्या प्रमाणात साठत जातो. सेंटॉरस एक्स-३ चा कक्षीय आवर्तकाल दर वर्षी आपल्या मूल्याच्या दहा लक्षांश भागांपैकी सु. १.८ भागाने, म्हणजे सेकंदाच्या सु. एकतृतीयांशाने कमी होत आहे. एका फेरीत हा बदल जाणवणे अशक्य आहे. तथापि आवर्तकाल स्थिर मानून ग्रहणाचे भाकीत केले, तर दहा वर्षांनंतर ग्रहण त्या वेळेच्या सु. ४७ मिनिटे आधी व चाळीस वर्षांनंतर सु. साडेबारा तास आधी लागेल. उहुरूच्या काळातील नोंदी नंतरच्या वेधांशी जोडल्यामुळेच हे मूल्य इतक्या निश्चितपणे काढता आले. लहान मॅगेलनी मेघातील एसएमसी एक्स-१ या युग्मात हा ऱ्हास याच्या सु. दुप्पट आहे. पल्सार व सोबती यांच्यातील भरती-ओहोटीसारख्या प्रेरणांमुळे कक्षेचा कोनीय संवेग सोबत्याच्या परिवलनाकडे जातो, हे याचे मुख्य कारण मानतात. या गतीने काही लक्ष वर्षांत युग्माचे स्वरूप पूर्णपणे पालटेल.

चकतीचे डोलणे : हर्क्युलिस एक्स-१ मध्ये १.२४ सेकंद व १.७ दिवस या आवर्तकालांखेरीज सु. ३५ दिवसांचा तिसरा आवर्तकाल आढळतो. त्यात सु. दहा दिवस क्ष-किरण तीव्र असतात, मग ते मावळतात, पुढे काही दिवस क्षीण रूपात पुन्हा दिसतात व परत मावळतात. कलती व पिळलेली संचयन चकती फिरत्या भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे डोलत असून ती मधूनमधून पल्सार झाकते, असे याचे स्पष्टीकरण आहे. मोठ्या मॅगेलनी मेघातील एलएमसी एक्स-४ मध्ये असे सु. ३०.५ दिवसांचे चक्र आहे. एसएमसी एक्स-१ मध्ये मात्र चक्राचा काळ ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान बदलत असतो.

१९८३ मध्ये व त्यानंतरही काही वेळा हर्क्युलिस एक्स-१ चे नेहमीचे तीव्र क्ष-किरण कित्येक महिने दिसेनासे झाले. त्या काळात सोबती ताऱ्याची पल्सारकडील बाजू मात्र पूर्वीप्रमाणेच तापलेली व तेजस्वी दिसत होती. यावरून क्ष-किरण निर्माण होणे थांबले नसून चकतीचा कल बदलल्याने ते पृथ्वीच्या दिशेने अडविले गेले, हे उघड झाले. हार्व्हर्ड वेधशाळेतील जुन्या छायाचित्रण काचा तपासल्या असता, क्ष-किरण ज्योतिषशास्त्राचा उदय होण्यापूर्वी काही वर्षे या सोबत्याचे असे तापणेही बंद होते, असे आढळले आहे. दुसऱ्याच हेतूने जतन केलेली नोंद येथे उपयोगी पडली.

चुंबकीय क्षेत्राचे मापन : तीव्र चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या वर्तुळाकार गतीची ऊर्जा ठराविक टप्प्यांनीच बदलू शकते. त्यामुळे वर्णपटात विशिष्ट ऊर्जेला शोषण रेषा उमटते; तिला सायक्लोट्रॉन रेषा म्हणतात. एक लाख कोटी गौस क्षेत्रासाठी ही रेषा सु. ११.६ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला येते व क्षेत्राच्या समप्रमाणात तिची ऊर्जा वाढते. अशी रेषा योआखिम ट्रूम्पर व त्यांचे सहकारी यांना १९७६ मध्ये फुग्यावरील उपकरणाने हर्क्युलिस एक्स-१ मध्ये प्रथम आढळली. न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचे ते पहिले प्रत्यक्ष मापन होय. पुढे अनेक उपग्रहांच्या नोंदी एकत्र केल्यावर १९९६ ते २०१२ या काळात या रेषेची ऊर्जा सु. ४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टनी कमी झाली व त्यानंतर ही घट थांबली, असे दिसून आले. ध्रुवावर साचणाऱ्या वायूच्या ढिगाची उंची किंवा तेथील क्षेत्राची रचना बदलल्यामुळे असे झाले असावे.

उद्रेक : बीई युग्मांची कक्षा बहुधा लांबट असते. पल्सार सोबत्याच्या जवळ आला म्हणजे तो त्याच्या चकतीतील वायू ओढतो व त्या सुमारास दर फेरीस एक लहान उद्रेक होतो. यांखेरीज कित्येक वर्षांनी कक्षेतील स्थानाशी संबंध नसलेला व कित्येक आठवडे टिकणारा महाउद्रेकही होतो. वृषभ राशीतील ए ०५३५+२६ हा १०४ सेकंद स्पंदकालाचा व १११ दिवस कक्षीय आवर्तकालाचा पल्सार १९७५ मध्ये अशाच उद्रेकाच्या वेळी एरियल-५ उपग्रहाला सापडला. १९९४, २००९ व २०२० मध्ये त्याचे महाउद्रेक झाले, तर मधल्या काही काळात सोबत्याची चकतीच विरून गेल्याने तो शांत राहिला. २०१७ मध्ये स्विफ्ट जे ०२४३.६+६१२४ हा सु. ९.८ सेकंदांचा पल्सार अकस्मात प्रकट झाला. गुरुत्वाकर्षण व प्रारणाचा दाब यांच्या समतोलावरून न्यूट्रॉन ताऱ्यासाठी ठरणारी तेजस्वितेची मर्यादा त्याने कित्येक पटींनी ओलांडली. आकाशगंगेतील या प्रकारचा हा पहिला ज्ञात पल्सार आहे.

संचयन नसतानाही युग्मातून क्ष-किरण येऊ शकतात. पीएसआर बी १२५९–६३ हा रेडिओ पल्सार एका बीई ताऱ्याभोवती सु. ३.४ वर्षांत फिरतो. पल्सारकडून निघणारा विद्युत् भारित कणांचा वारा व सोबत्याचा वारा एकमेकांवर आदळून क्ष-किरण निर्माण होतात. निकटबिंदूच्या आधी व नंतर पल्सार सोबत्याची चकती ओलांडतो, त्यामुळे क्ष-किरणांची तीव्रता दोनदा वाढते. ३.४ वर्षांतून एकदाच मिळणाऱ्या या संधींची तुलना अनेक फेऱ्यांनंतरच शक्य झाली.

अतिशीघ्र पल्सार : जुन्या युग्मांत दीर्घकाळ संचयन होऊन पल्सारचा परिवलनकाल सेकंदाच्या काही हजारांश भागापर्यंत घटतो, अशी कल्पना होती. १९९८ मध्ये रॉसी उपग्रहाच्या वेधांत सॅक्स जे १८०८.४–३६५८ हा सेकंदाला ४०१ फेरे घेणारा क्ष-किरण पल्सार आढळून तिला पुष्टी मिळाली. काही वर्षांच्या अंतराने त्याचे उद्रेक होतात व दोन उद्रेकांमधील काळात त्याचे परिवलन किंचित मंदावते. २०१३ मध्ये एम २८ या गोलाकार तारकागुच्छातील एक पल्सार रेडिओ स्पंद सोडून क्ष-किरण स्पंद देऊ लागला व काही आठवड्यांत पुन्हा रेडिओ पल्सार झाला. ताऱ्याचे या दोन अवस्थांमधील संक्रमण त्यामुळे प्रत्यक्ष पाहता आले.

मर्यादा : निरनिराळ्या उपकरणांची मापने जुळविण्यासाठी खेकडा अभ्रिकेची तीव्रता स्थिर समजून ती मोजमापाचे एकक म्हणून वापरण्याची प्रथा होती. २००८ ते २०१० या काळात तिची तीव्रता सु. ७ टक्के घटल्याचे फेर्मीवरील उपकरणाने दाखविले. हा दोष उपकरणाचा नसून बदल अभ्रिकेतीलच आहे, हे त्या वेळी कार्यरत असलेल्या इतर उपग्रहांच्या स्वतंत्र मापनांवरून सिद्ध झाले. नवा उपग्रह जुना बंद पडण्यापूर्वी सुरू होऊन काही काळ दोघांनी एकत्र वेध घेणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळते. याशिवाय उपग्रहाचे आयुष्य बहुधा दहा-वीस वर्षांचे असते, तर या युग्मांतील काही क्रियांना त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून एका उपग्रहाची नोंद कितीही उत्तम असली, तरी ती एकटी पुरत नाही.

भारतातील कार्य : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबाद येथील आपल्या केंद्रावरून फुगे सोडून उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचे वेध घेण्यास आरंभ केला. २१ मार्च १९९६ रोजी सोडलेल्या आयआरएस-पी ३ या उपग्रहावर भारतीय क्ष-किरण उपकरण होते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ॲस्ट्रोसॅट हा भारताचा पहिला बहुतरंगलांबी ज्योतिषशास्त्रीय उपग्रह होय. त्याच्यावरील ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण टिपणारी मोठ्या क्षेत्रफळाची गणित्रे टाटा संस्थेत तयार झाली. त्याहून उच्च ऊर्जेच्या प्रतिमादर्शकाच्या कार्यात पुण्याच्या आंतरविद्यापीठीय ज्योतिर्विज्ञान व खगोलभौतिकी केंद्राचा सहभाग आहे. आकाशाची पाहणी करणारा स्वतंत्र निरीक्षकही या उपग्रहावर आहे. पल्सारांचे आवर्तकाल व सायक्लोट्रॉन रेषा यांच्या अभ्यासासाठी या साधनांचा उपयोग झाला आहे. १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेल्या एक्स्पोसॅट उपग्रहावर क्ष-किरणांच्या ध्रुवणाचे (कंपनांच्या विशिष्ट दिशेचे) मापन करणारे उपकरण असून ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने बनविले आहे. ध्रुवणावरून पल्सारच्या चुंबकीय अक्षाची दिशा अजमावता येते. स्पंदकाल, तीव्रता व वर्णपट यांच्या जोडीला ही चौथी राशी उपलब्ध झाल्याने चकती, अक्ष व कक्षा यांचे परस्परसापेक्ष कल ठरविणे शक्य होऊ लागले आहे. ते कालांतराने कसे बदलतात, हे समजण्यास मात्र ध्रुवणाच्याही अनेक वर्षांच्या नोंदी जमाव्या लागतील.